ग्रुप म्यूट करण्याआधी

आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. नाव 'केटी क्लब'. मुंबई विद्यापीठातून इंजिनिअरिंग केलेल्यांना या नावाचा अर्थ सांगायला नको. बावीस मेंबर, त्यात आम्ही तिघे मुस्लिम. बहुतेक सगळे उपनगरातले आणि कॉलेजपासून एकमेकांना स्टेशनच्या नावाने हाक मारणारे. मुलुंडकर, बोरिवलीकर, घाटकोपरवाली आणि मी जोगेश्वरीकर.

या ग्रुपवर काय चालतं? तुमच्या ग्रुपवर चालतं तेच. 'अशी ही बनवाबनवी'चे मीम, रविवारची मॅच, बिर्याणीत बटाटा असावा की नसावा, घाटकोपरच्या मेट्रोत अंधेरीला चढून सीट मिळवायची युक्ती. एकदा दोन दिवस फक्त या प्रश्नावर भांडण चाललं की मुलुंडला दिसणारा बिबट्या आणि बोरिवलीला दिसणारा बिबट्या एकच असेल का. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या दोन बाजूंना ही दोन उपनगरं, मध्ये सुमारे शंभर चौरस किलोमीटर जंगल. माणसाला या टोकाहून त्या टोकाला जायचं तर घोडबंदर रोडने नाहीतर जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने वळसा घालावा लागतो. बिबट्याला तो त्रास नाही. निकाल काही लागला नाही, पण दोघांनीही बिबट्यावर आपापला हक्क सांगून घेतला.

आजचं संपादकीय या टाइमपासविषयी आहे. कारण आपल्यातले बरेच जण अशा मिसळीच्या ग्रुपांमधून हळूहळू बाहेर पडताना मला दिसतात. कोणी ग्रुप सोडतं, कोणी म्यूट करतं. कोणी राहतं, पण फक्त वाढदिवसाला केकचा स्टिकर टाकण्यापुरतं. मीही तीन वर्षं असाच होतो, म्हणून आधी माझंच सांगतो.

१४ एप्रिल २०२० आठवतोय? लॉकडाऊन ३ मेपर्यंत वाढल्याचं सकाळी जाहीर झालं आणि दुपारी वांद्रे पश्चिम स्टेशनबाहेर गावी जायला निघालेल्या मजुरांची मोठी गर्दी जमली. खिशात पैसे नाहीत, हाताला काम नाही, गाड्या सुटणार अशी अफवा पसरलेली. पोलिसांनी लाठ्या मारून त्यांना पांगवलं. स्टेशनजवळ मशीद आहे. ती वांद्र्याच्या लोकांना रोज दिसते, पण त्या दिवशी ती अख्ख्या देशाला दिसली, आणि संध्याकाळपर्यंत मजुरांच्या भुकेची गोष्ट मशिदीच्या कटाची गोष्ट होऊन फोनवर फिरू लागली. तोच व्हिडिओ आमच्या ग्रुपवर मुलुंडकरने टाकला. खाली एक ओळ होती, ती मी इथे लिहीत नाही.

मी उत्तर टाइप केलं आणि पुसलं. पुन्हा टाइप केलं, पुन्हा पुसलं. ग्रुपवर कोणीच काही बोललं नाही. रात्री दोघांचे खासगी मेसेज आले, "तू मनावर घेऊ नकोस रे." त्यांचं मन चांगलं होतं. पण व्हिडिओ बावीस जणांसमोर आला होता आणि सांत्वन एकट्याला मिळालं. मी ग्रुप म्यूट केला. सोडला नाही, कारण सोडला असता तर "जोगेश्वरीकर लेफ्ट" अशी ओळ सगळ्यांना दिसली असती आणि त्याचंही स्पष्टीकरण द्यावं लागलं असतं.

त्यानंतर तीन वर्षं मी तिथे होतो आणि नव्हतोही.

सप्टेंबर २०२३मध्ये मुलुंडचं ते प्रकरण झालं. ऑफिससाठी जागा बघायला गेलेल्या एका मराठी महिलेला मुलुंड पश्चिमेच्या एका सोसायटीत सांगण्यात आलं की इथे महाराष्ट्रीयन लोकांना जागा देत नाही. तिने व्हिडिओ टाकला, तो राज्यभर गेला. राजकीय पक्ष धावले, माफी मागितली गेली, पोलिसांत गुन्हा नोंदला. आमचा मुलुंडकर तर पेटलाच होता. त्याच्याच उपनगरात, त्याच्याच भाषेच्या माणसाला दारातून परत पाठवतात म्हणजे काय! दिवसभर मेसेज चालू होते. मध्येच कोणीतरी 'बनवाबनवी'चं मीम टाकलं. १९८८चा सिनेमा, पुण्यात भाड्याने खोली मिळेना म्हणून दोघांना बाया व्हावं लागतं, आणि पस्तीस वर्षांनीही प्रश्न तोच.

का कोण जाणे, पण मी तीन वर्षांनी पहिला मेसेज लिहिला. "त्यांचं साडीवर भागलं. मला नाव बदलावं लागलं असतं."

थोडा वेळ शांतता. मग घाटकोपरवालीने विचारलं, "म्हणजे?"

म्हणजे २०१७. लग्नानंतर मी आणि बायको पश्चिम उपनगरात भाड्याचं घर शोधत होतो. एजंट आमच्याशी अस्सल मराठीत बोलायचा, पगाराची स्लिप बघून खूश व्हायचा, मग ॲग्रीमेंटसाठी पूर्ण नाव विचारायचा. त्यानंतरचं वाक्य आम्हाला पाठ झालं होतं: "मालकाची काही हरकत नाही हो, सोसायटीचा प्रॉब्लेम आहे." एका ठिकाणी टोकनचे पैसे देऊन झाले होते, तेही परत आले. अकराव्या प्रयत्नात घर मिळालं, अम्मीच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. जिथून निघालो होतो तिथेच.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. एकदम नाही, तुकड्या-तुकड्याने, मधूनमधून विनोद करत. वर्षभर रोज सोबत लोकलने आलेल्या मित्रांना यातलं काहीच माहीत नव्हतं. सांगायचं कोणाला आणि कशाला, असं मला वाटायचं. त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. बोरिवलीकर म्हणाला, "आमच्या सोसायटीतही असंच आहे. मी कमिटीवर आहे. मला वाटायचं हा फक्त नॉनव्हेजचा विषय आहे." एकाने कायदा शोधला. राज्यघटनेचं १५वं कलम सरकारला धर्म, जात, लिंग यांवरून भेदभाव करायला मनाई करतं, दुकानं आणि हॉटेलांतही तो चालत नाही, पण भाड्याच्या घराचा त्यात स्पष्ट उल्लेख नाही. उलट गुजरातमधल्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २००५मध्ये सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवायचा नियम मान्य केला होता. म्हणजे मुलुंडच्या त्या मराठी महिलेचा आणि माझा प्रश्न एकाच फटीतून आत आलेला.

रात्री अकराला मुलुंडकरचा मेसेज आला, ग्रुपवरच. "या उपनगरांत एनओसी न घेता कुठल्याही सोसायटीत शिरतो तो फक्त आपला बिबट्या." आणि खाली, "भाई, वांद्र्याचा तो व्हिडिओ मी टाकला होता. चुकलं माझं."

त्याने हे सगळ्यांसमोर लिहिलं, म्हणून त्याला माझ्या लेखी किंमत आहे.

आता तुम्ही म्हणाल, एका ग्रुपवर एक मित्र सॉरी म्हणाला, त्याने काय होणार? सोसायट्यांचे नियम बदलले नाहीत, हे खरं. पण मी हा विषय एखाद्या सभेत मांडला असता, मोर्चात फलक धरला असता, तर बोरिवलीकर तिथे आलाच नसता. तो 'बनवाबनवी'साठी आला होता. गप्पांचं हेच बळ आहे. तिथे कोणी समाजाचा प्रतिनिधी नसतो. तिथे 'मुस्लिमांचं यावर मत काय' असं विचारलं जात नाही, मॅचच्या मध्ये एक माणूस आपलं काहीतरी सांगून जातो. आणि ऐकणाराही बचावाच्या पवित्र्यात नसतो.

म्हणून आपण अशा ठिकाणाहून उठून जातो तेव्हा आपलंच नुकसान होतं. आपण उठलो की आपल्याविषयीची चर्चा थांबत नाही. ती आपल्याशिवाय चालू राहते.

पण भीती खोटी नाही, हेही मान्य करायला हवं. नोव्हेंबर २०१२मध्ये मी पहिल्या नोकरीत होतो. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न विचारला. तिच्या मैत्रिणीने त्याला फक्त लाइक केलं. दोघींना अटक झाली, एकीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. माझ्या अब्बांनी त्या रात्री माझ्यासमोर बसून मला फेसबुक बंद करायला लावलं. त्यानंतर दोघींवरचा खटला मागे पडला, अटक करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाई झाली, आणि ज्या कलमाखाली असे गुन्हे नोंदत होते ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलं. अब्बांच्या लक्षात मात्र अटक राहिली, निकाल नाही. आपल्या बहुतेक घरांत असंच झालं आहे.

तो निकाल आपल्या पिढीने नीट समजून घ्यावा असा आहे. कोर्टाने तीन गोष्टी वेगळ्या काढल्या: चर्चा करणं, एखादा विचार उचलून धरणं आणि चिथावणी देणं. पहिल्या दोन कितीही अप्रिय असल्या तरी त्यांना संरक्षण आहे. बोलणं चिथावणीपर्यंत पोहोचलं तरच निर्बंधाचा प्रश्न येतो. ग्रुपच्या ॲडमिनबाबतही मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये स्पष्ट केलं आहे की मेंबरने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला केवळ ॲडमिन असल्यामुळे कोणी जबाबदार ठरत नाही. आधीपासून दोघांचा मिळून तसा हेतू असला तर गोष्ट वेगळी.

याचा अर्थ काहीही लिहावं असा नाही. दोन समूहांत वैर वाढवणं, धार्मिक भावना मुद्दाम दुखावणं, अफवा पसरवणं हे गुन्हे पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत होते आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहेत, कलमं १९६, २९९ आणि ३५३. आणि कोर्टाचा निकाल यायला वर्षं लागतात, जमाव यायला तास पुरतो. जून २०२३मध्ये कोल्हापुरात काही पोरांनी ठेवलेल्या औरंगजेब आणि टिपू सुलतानच्या स्टेटसवरून शहर बंद झालं, दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं. दुकानं फुटली ती स्टेटस न ठेवणाऱ्यांची. तेव्हा स्टेटस हा स्वतःशी केलेला टाइमपास नव्हे, हे लक्षात ठेवा. कोणाला डिवचायला टाकलेली गोष्ट आणि कोणाशी बोलायला टाकलेली गोष्ट यातला फरक टाकणाऱ्याला आतून माहीत असतो.

आता आपल्या घरातलं. मिसळीच्या ग्रुपातून बाहेर पडलेले आपण जातो कुठे? आपल्या माणसांच्या ग्रुपवर. तिथे बरं वाटतं, कारण तिथे कोणी आपल्याला देशभक्तीचा पुरावा मागत नाही. पण तिथे दुसराच आजार असतो. वांद्र्याचा व्हिडिओ आमच्या खानदानाच्या ग्रुपवरही आला होता, वेगळ्या ओळीसह. ती ओळही खोटीच होती, फक्त आपल्या बाजूची. ती कोणी तपासली नाही. मीही नाही.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, म्हणून फॉरवर्डबद्दल दोन गोष्टी सांगतो. व्हॉट्सॲपचे मेसेज कूटबद्ध असतात, मजकूर खरा की खोटा हे ते ॲप वाचून ठरवत नाही. ते फक्त मेसेज किती हातांतून आलाय याचा माग ठेवतं. पाच किंवा जास्त वेळा पुढे ढकलत आलेल्या मेसेजवर दोन बाण दिसतात. ते बाण म्हणजे खरेपणाचा शिक्का नाही. त्याचा अर्थ इतकाच की पाठवणाऱ्याने हे स्वतः पाहिलेलं नाही, त्याच्या आधीच्यानेही नाही. २०१८मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आली. दोन बाणवाल्या मेसेजसाठी एप्रिल २०२०मध्ये ती एकावर आणली. पहिली मर्यादा कशामुळे आली, ते महाराष्ट्राने विसरू नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेले भटके लोक होते. मारणाऱ्यांनाही वाटत होतं की आपण आपल्या मुलांना वाचवतोय. त्या वर्षी देशात अशा अफवांनी आणखीही बळी घेतले, तेव्हा कुठे ॲपचं बटण बदललं.

खानदानाच्या ग्रुपची आणखी एक गोष्ट सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. कुर्ल्याला राहणाऱ्या माझ्या चुलत बहिणीने एकदा लिहिलं की लग्नात मुलीच्या बापाने हॉल, जेवण, फर्निचर सगळं करायचं हे कुठून आलं, आपण हे बंद करू या. एका चाचांनी लिहिलं, मोठ्यांच्या मध्ये बोलू नये. दुसऱ्यांनी तिच्या नोकरीचा विषय काढला. तिसऱ्यांनी हात जोडल्याचे पाच स्टिकर टाकले. ती ग्रुपमधून बाहेर पडली. त्या ग्रुपचा ॲडमिन मी आहे. मी काय केलं? रात्री तिला फोन केला आणि म्हणालो, "मनावर घेऊ नकोस."

ती म्हणाली, "भाईजान, हे तुम्ही ग्रुपवर लिहायला हवं होतं."

जे वाक्य २०२०मध्ये मला टोचलं होतं, तेच मी तिला ऐकवलं होतं. बावीसमध्ये तिघे असणं काय असतं ते मला कळतं. साठ जणांच्या खानदानात बोलणारी एकटी मुलगी असणं काय असतं, हे मला तिने सांगेपर्यंत कळलं नव्हतं. नंतर मी ग्रुपवर लिहिलं. दोन चाचा अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. ती परत आली, आणि आल्या-आल्या तिने पहिला मेसेज टाकला तो कुठल्याशा सिरीयलचा होता. बरं वाटलं.

आपल्या सगळ्यांसाठी माझ्याकडे तीनच सूचना आहेत. मिसळीचा एक तरी ग्रुप जिवंत ठेवा, तिथे सिनेमा आणि क्रिकेट बोला, आणि आपल्या आयुष्यातलं काही सांगायची वेळ आली तर तिथेच सांगा. दोन बाणवाला मेसेज, कोणत्याही बाजूचा असो, स्वतः तपासल्याशिवाय पुढे पाठवू नका. आणि कोणावर ग्रुपमध्ये अन्याय झाला तर ग्रुपमध्येच बोला, खासगीत सांत्वन नंतर. शिवीगाळ होत असेल, जीव घुसमटत असेल तर जरूर बाहेर पडा. त्यात कमीपणा नाही. मी म्हणतोय ते सवयीने, न बोलता निघून जाण्याबद्दल.

शेवटी १३ मे २०२४. सोमवार होता. दुपारी धुळीचं वादळ सुटलं आणि 'केटी क्लब'वर पिवळ्या आभाळाचे फोटो, त्यावर वाळवंटाचे विनोद सुरू झाले. पुढच्या सोमवारी मुंबईचं मतदान होतं, तेव्हा प्रत्येक पक्षाच्या नावाने एकेक विनोद झाला. मग घाटकोपरवालीने लिहिलं, छेडा नगरला पेट्रोल पंपावर होर्डिंग पडलंय, खाली गाड्या आहेत. विनोद तिथेच थांबले.

मिनिटभरात माझा फोन वाजला. मुलुंडकर. "कुठे आहेस?"

"ऑफिसात."

"पंपावर नाहीस ना?"

सोमवारी मी कामासाठी चेंबूरला जातो, संध्याकाळी बाइकने हायवेवरून घरी येतो. कधीतरी ग्रुपवर 'तुम्ही पेट्रोल कुठे भरता' असा एक अगदी फालतू विषय निघाला होता, तेव्हा मी त्याच पंपाचं नाव घेतलं होतं. मी विसरलो होतो. त्याला आठवत होतं.

त्या होर्डिंगखाली सतरा माणसं गेली, सत्तरहून अधिक जखमी झाली. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर आम्ही इंजिनिअर हिशोब करत बसलो. महापालिकेच्या नियमाने जास्तीत जास्त ४० बाय ४० फूट, प्रत्यक्षात १२० बाय १२०. म्हणजे क्षेत्रफळ नऊ पट, आणि वाऱ्याचा जोरही नऊ पट अंगावर घेणारं. रेल्वे पोलिसांच्या जागेवर ते उभं होतं. परवानगी कोणी दिली, तपासणी कोणी करायची, माहिती अधिकारात काय विचारता येईल, यावर त्या दिवशी बावीसही जण बोलले. मेलेल्यांची नावं वाचून कोणी त्यांचा धर्म मोजला नाही.

तुमचाही एखादा ग्रुप म्यूट असेल. आज रात्री तो उघडा. काय लिहावं सुचत नसेल तर बिर्याणीतल्या बटाट्यापासून सुरुवात करा. त्यावर उत्तर येतंच.